स्टेज टू आणि गावदेवीचा कौल

।। श्री गावदेवी प्रसन्न ।।

जीवना कोळीवाडा, श्रीवर्धन
मंगळवार, जेवणं आटोपल्यावर

तीर्थस्वरूप परेशदादा यांच्या सेवेशी,

तुमच्या एकुलत्या बहिणीचा नवरा, आणि तुम्हीच मिळवून दिलेल्या गाडीत उजव्या सीटवरून डाव्या सीटवर हलवला गेलेला मालक निकेत याचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे इकडे ठीक आहोत, तुम्हीही पनवेलीत ठीक असाल असं धरून चालतो. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? हेमालीवहिनींच्या मानेचा पट्टा निघाला का? (माझ्या मानेला गेल्या आठवड्यापासून लागला आहे, त्याची हकीकत पुढे येईलच.) आईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून फार बरं वाटलं. आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत असेल तर एकदा येऊन जावयाकडे बघून जा म्हणावं, मी बराच उतरलो आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. तर फोन केला की तुम्ही नेहमी कळंबोलीच्या सिग्नलला असता आणि ‘नंतर करतो’ म्हणता, आणि ते ‘नंतर’ अजून आलेलं नाही. दुसरं असं की आमच्या घरात फोनवर बोललेलं दिपालीला स्वयंपाकघरात, अंगणात आणि शेजारच्या ओट्यावर सारखंच ऐकू जातं. पत्राला आवाज नसतो, म्हणून कचेरीतले एका बाजूला कोरे असलेले कागद घेऊन बसलो आहे.

गाडीविषयी लिहायचं आहे. गेल्या दिवाळीत तुम्ही ती लाल, बसकी गाडी आमच्या दारात आणून उभी केलीत, तेव्हा ‘घरगुती वापरातली आहे, एका डॉक्टरीणबाईंची, रविवारी देवळात जायच्या तेवढीच’ असं म्हणाला होतात. दुसऱ्याच दिवशी मागच्या सीटखाली हेल्मेट सापडलं. गाडीत हेल्मेट घालून या बाई कोणत्या देवळात जात होत्या हे मी तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही माझ्या बायकोचे थोरले भाऊ आहात. गाडी जमिनीला इतकी चिकटून की आत बसताना बसलो असं वाटत नाही, पडलो असं वाटतं, आणि बाहेर निघताना कोणाचा तरी हात धरावा लागतो. तरीही मी तिला जीव लावला. रोज सकाळी दिपाली बंदरावर लिलावात मासळी घेते, मागे बर्फाच्या पेट्या भरते, मग आम्ही दोघं म्हसळ्यावरून घाटाने तळा गावी जातो. मी कचेरीत उतरतो, ती खानावळींना मासळी देत फिरते. म्हसळ्यापर्यंत ती दरांविषयी बोलते, म्हसळ्याच्या पुढे माझ्याविषयी (बहुतेक तक्रारीच, पण माझ्याविषयी), आणि घाट उतरल्यावर आम्ही मिळून इतरांविषयी बोलतो. घरी आलं की बाबा असतात, बर्फवाला असतो, जाळी विणणारे असतात, कोणी ना कोणी चहाला बसलेलं असतं. त्यामुळे आमचा संसार म्हणाल तर दिवसाकाठी तेवढ्याच रस्त्यावर होतो.

असं सगळं सुरळीत चालू असताना दिपालीने तुमच्याजवळ तक्रार केली की बर्फ भरल्यावर घाटात गाडी पेंगते. तुम्ही ताबडतोब ‘ट्यून करून घेऊ’ म्हणालात आणि त्या गणराजला पाठवलंत. माणूस हुशार आहे, त्याबद्दल वाद नाही, पण तो बॉनेट न उघडता गाडी दुरुस्त करतो ते मला पहिल्यापासून खटकलं. त्याने स्टिअरिंगखाली एक वायर घातली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि आमच्या अंगणात बसून मला समजावलं की गाडीच्या डोक्यात एक हिशेब भरलेला असतो, केव्हा किती पेट्रोल आणि किती हवा घ्यायची त्याचा, आणि तो कंपनीने भित्र्या माणसांसाठी भरलेला असतो. (हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता.) तो हिशेब बदलायचा म्हणजे ट्यून. स्टेज वन म्हणजे धाकटा बदल, रोजच्या वापराला सोसेल असा. स्टेज टू म्हणजे थोरला, त्यात धुराची मागची नळीपण बदलायची, गाडी भिंगरी होते. आणि आपल्याला तयार मापाचं घ्यायचं नाही, शिंपी ब्लाउजचं घेतो तसं आपल्या गाडीचं माप घेऊन शिवायचं. त्यासाठी त्याने काडेपेटीएवढं एक यंत्र आत खोचून ठेवलं. गाडी रोज कशी चालते हे सगळं ते टिपणार आणि गणराज ते पनवेलीत बसून बघणार. तोवर आम्हाला ठरवायला सोपं जावं म्हणून त्याने नमुन्यादाखल एक ट्यून भरून दिली, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मागून फटाके वाजतील अशी सोयही वर फुकट केली. मी मागितली नव्हती.

जाताना त्याने विचारलं, गाडीचा रोजचा वापर काय. मी म्हटलं, कचेरी. दिपाली म्हणाली, मासळी. आमचे बाबा ओट्यावर बसले होते ते म्हणाले, “तिला वढ पायजे, पळ नको.” बाबांची सगळी हयात ट्रॉलरच्या इंजिनावर गेली, त्यांच्या दृष्टीने ज्या इंजिनाला जाळं ओढता येत नाही ते इंजिनच नव्हे. गणराजला हे फार पटलं. तो खालच्या आरपीएमच्या टॉर्कविषयी बोलू लागला, बाबा उलट्या वाऱ्यात भरलेलं जाळं ओढण्याविषयी बोलू लागले, आणि दोघांनी एकमेकांचा एक शब्द न समजता अर्धा तास एकमेकांना दुजोरा दिला. मग बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला, त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली, डोळे मिटले आणि निदान केलं, “उपाशी हाय.” गणराजने लॅपटॉपात बघून सांगितलं की मिश्रण जरा कोरडं आहे, पेट्रोल कमी पडतंय, काका म्हणतात तेच. त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी गाडीला कान लावल्याशिवाय आम्हाला निघू देत नाहीत, आणि काल त्यांनी बोटीसारखा तिच्याही नाकावर नारळ फोडला. बॉनेटला पोचा आला आहे, तो तुम्ही आलात की दाखवीन.

नमुन्याच्या ट्यूनवर पहिल्या सकाळी गाडी मीच चालवत होतो. कोळीवाड्याच्या चढावर मी नेहमीसारखा पाय दिला आणि चढ संपला. म्हणजे मधला भाग झालाच नाही. मागच्या पेट्यांमधले बांगडे पुढे आले आणि त्यांतला एक माझ्या मांडीवर येऊन बसला. दिपालीने तो उचलून पेटीत टाकला आणि शांतपणे म्हणाली, तुम्ही इकडे या, मी तिकडे बसते. तेव्हापासून मी डावीकडे आहे. ती चालवते झकास, त्याबद्दल वाद नाही. मी खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी धरतो, डोळे मिटतो आणि मारुतीस्तोत्र म्हणतो. आता मला ते कुठेही न अडखळता येतं, एवढा एक फायदा या ट्यूनचा मोकळेपणाने कबूल करायला हवा.

त्याच आठवड्यात म्हसळ्याच्या बाजारात आम्ही एका वरातीच्या मागे अडकलो. दिपालीने पाय काढला तशी गाडी मागून ठाप-ठाप-ठाप वाजली. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडच्यांनी फटाके लावले, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडच्यांनी लावले, आणि दोन्हीकडचे एकमेकांवर इतके खूश झाले की बँडवाल्यांनी चाल बदलली. पुढे जरा जागा झाली की दिपाली गाडी सरकवायची, पाय काढायची, पुन्हा ठाप-ठाप, आणि वरात पुन्हा तिथेच नाचायला लागायची. पुढे जायला वाटच मिळेना. शेवटी नवरीचे मामा आमच्या खिडकीशी आले (गाडी बसकी असल्यामुळे त्यांना गुडघे टेकावे लागले), त्यांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “पावणं, तुमी आलाव म्हून सोभा आली.” नाही कसं म्हणायचं? मी कचेरीत पोचलो तेव्हा टोपी डोक्यावरच होती. साहेबांनी कोणाचं लग्न म्हणून विचारलं, मला नवऱ्या मुलाचं नावही सांगता आलं नाही. ती टोपी दोन दिवस बाबा घालत होते.

चिंबोरीचा प्रकार त्यानंतरचा. हरिहरेश्वरच्या एका लॉजवाल्याने जिवंत चिंबोऱ्या सांगितल्या होत्या. दिपालीने त्यांच्या नांग्या सुतळीने बांधल्या होत्या, पण एकीची सुतळी सुटली आणि ती पेटीतून उतरून पुढे माझ्या पायाशी आली. मी पाय वर घेतले आणि तसाच मांडी घालून बसलो. तिथून ती स्टिअरिंगखाली शिरली आणि तिने गणराजचं यंत्र धरलं. पाचव्या मिनिटाला पनवेलहून गणराजचा फोन! गाडीचं काय झालं, आकडे वेडेवाकडे येताहेत, पेट्रोल कोणत्या पंपावर भरलंत? मी सांगितलं की चिंबोरीने धरलंय. त्याला वाटलं हा कुठल्या सेन्सरचा इकडचा शब्द आहे. त्याने ते लिहून घेतलं आणि म्हणाला, ठीक आहे, फायनल ट्यूनमध्ये ते धरून करतो. आता आमच्या गाडीच्या मापात एक चिंबोरी कायमची शिवली जाणार आहे असं दिसतं. चिंबोरी लॉजवाल्याला पोचवली. मान मात्र खाली वाकून बघताना माझी जी धरली ती धरलीच, पट्ट्याची हकीकत ती हीच.

एवढं सोसल्यावर मी घरात स्पष्ट सांगितलं की स्टेज वन पुरे, किंबहुना स्टेज शून्य असेल तर तेच घालू. दिपाली म्हणाली, स्टेज टू. तिला कारण विचारलं तर भांडी जोरात घासायला लागली. बाबा तिच्या बाजूचे. मग ओट्यावरून ही गोष्ट कोळीवाड्यात गेली आणि ज्यांच्या दारी सायकल नाही तेसुद्धा वन की टू यावर एकमेकांशी बोलेनासे झाले. गणराजचे रोज फोन, लवकर ठरवा. शेवटी बाबांनी आपल्याकडे होतं तेच केलं. बोट केव्हा लोटायची, जाळं कुठल्या अंगाला टाकायचं, मुलगी कुठल्या घरी द्यायची, हे सगळं आपण जिला विचारतो तिलाच विचारायचं ठरलं. गावदेवीला कौल लावायचा! मला हे मनातून आवडलं. देवी वयाने मोठी आहे, ती रोजच्या वापराचा विचार करील असं मला वाटलं.

रविवारी सगळे देवळात जमलो. दिपाली बंदरावरून थेट आली होती, मासळी हाताळलेल्या हातांनी देवळात शिरायचं नाही म्हणून ती बाहेर गाडीतच बसली, आणि पेट्यांना थंडावा राहावा म्हणून गाडी चालू ठेवून एसी लावून बसली. आत सदा गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलाची एकेक पाकळी पाण्याने चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, “बाय माझे, ह्याच्या गाडीच्या पोटात काय घालायचं ता तूच सांग. थोरलं घालायचं आसंल तं उजवी दे, धाकटं घालायचं आसंल तं डावी दे. लेकराला फार वेळ ताटकळवू नको.” देवी विचारात पडली. आम्ही हात जोडून पाकळ्यांकडे बघत होतो, पाकळ्या जागच्या हलत नव्हत्या. सदाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. बाबांनी मधेच देवीला टॉर्कची कल्पना दिली. डावी पाकळी किंचित कलली, दादा, मी स्वतः पाहिलं! माझ्या तोंडून ‘आई’ असा शब्द निघतो न निघतो तोच बाहेर ठाप! ठाप! धडाम! घंटा आपोआप हलली, समई थरथरली, कबुतरं उडाली आणि उजवी पाकळी सुटून थेट सदाच्या डोक्यावर पडली. डावी, जी इतकी कलली होती, ती तशीच राहिली. सदा म्हणाला, “आजवर आई पाकळीनं बोलत व्हती, आज तोंडानं बोलली.” सगळा कोळीवाडा आडवा झाला. मला मानेमुळे आडवं होता येईना, मी उभाच राहिलो.

मी धावत बाहेर गेलो. दिपाली पेट्यांवर ओलं गोणपाट पसरत होती. मी विचारलं, हे काय झालं? ती म्हणाली, आपोआप झालं, सेन्सर असेल. गणराजला विचारलं तर तोही म्हणाला की पेट्रोल हलकं असलं तर होऊ शकतं, नाही तर ती चिंबोरी. तेव्हा गाडीवर माझा संशय आहे, पण गाडीने देवीच्या कामात ढवळाढवळ केली असं कोळीवाड्यात बोलायची सोय नाही. कौल मिळाला तो मिळाला. स्टेज टू ठरलं आणि येत्या रविवारी गणराज ते घालायला येतो आहे. मी सगळ्यांसमोर मान डोलावली (पट्टा असल्यामुळे थोडीच).

बाकी सर्व क्षेम. सहज आठवण आली म्हणून लिहिलं, मागणं वगैरे काही नाही. सुकी कोलंबी पाठवायची आहे ती पुढच्या फेरीला पाठवतो. आईंना नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला नम्र,
निकेत

ता. क. – मागणं नाही म्हटलं, पण एक आहे. गणराज तुमच्या शब्दाबाहेर नाही. त्याला परस्पर सांगा की रविवारी लॅपटॉप मांडीवर घेऊन हवं तेवढं टकटक कर, पण आत कंपनीचा जुना, भित्र्या माणसांचाच हिशेब भर. फटाके तेवढे राहू देत आणि मागे ‘स्टेज टू’ असं मोठं स्टिकर लाव, म्हणजे दिपालीला, बाबांना आणि कोळीवाड्याला शंका यायची नाही. देवीची मी स्वतंत्र समजूत घालीन. माझं ती दिपालीपेक्षा शांतपणे ऐकून घेते.

ता. क. २ – तुम्ही विचाराल की एवढं कशासाठी. मान, बांगडे, टोपी हे सगळं खरं असलं तरी कारण ते नव्हे. ही नमुन्याची ट्यून घातल्यापासून तळा इतक्या लवकर येतं की दिपालीचं दरांविषयी बोलून होतंय तोच कचेरीचं फाटक दिसायला लागतं. माझ्यापर्यंत ती पोचतच नाही. स्टेज टू झाल्यावर दरही अर्धेच राहतील. लग्नाला एवढी वर्षं झाली, दादा, पण मला तिचं बोलणं अजून ऐकायचं असतं. हे तिला तोंडावर सांगायची लाज वाटते, म्हणून तुम्हाला लिहितो. रस्ता लांबवता येत नाही, निदान गाडी तरी सावकाश असू द्या.

ता. क. ३ – पाकीट भाताच्या शितांनी नीट चिकटवून पोस्टात टाकायला दिपालीकडेच देतो आहे. तुमच्या गुडघ्याची चौकशी केली आहे, एवढंच तिला सांगितलं आहे.

दादा, मी दिपू. शितं वली व्हती, पाकीट आपोआप उघडलं.

कौलाचं सांगते. सदाभाऊ तिथं पाकळीकडं बघत उभे आणि हिकडं माजी सुरमई मऊ पडायला लागली. म्हून जरा पाय दिला आणि सोडला. देऊळ मी हालवलं, पण उजवी पाडायची का डावी, ता माज्या हातात कुठं व्हतं? ती तिनंच पाडली. मागनं जाऊन नारळ ठेवला, रागावलेली काय दिसली न्हाय.

आता गणराजला माजं सांग. ह्यांनी लिवलंय त्याच्या बरोबर उलटं कर. ताकद थोरलीच घाल, फटाके तेवढे काढून टाक. मागं स्टिकर ‘घरगुती वापर’ असं लाव, ह्यांना वाटू दे त्यांचंच ऐकलं. म्हसळ्याच्या पुढं मी रोज ह्यांच्याविषयीच बोलते रे, अजून एक दिवस चुकला न्हाय. फटाक्यात आणि स्तोत्रात ह्यांना ऐकूच येत न्हाय, डोळे तं मिटलेलेच. गाडी लवकर पोचली म्हंजे कचेरी उघडायला वेळ उरंल. तेवढा वेळ घाट उतरल्यावर आंब्याखाली गाडी बंद करून बसायचं, म्हून मला टू पायजे.

ह्यांना यातलं काय बोलू नको. तिथं बसल्यावर मीच सांगेन.